चंपीला मी ऐकू येते, पण सापडत नाही: पेट कॅमेऱ्याचा सात-आठ महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांचं काम होईल. आपण बाहेर असताना कुत्र्यावर लक्ष ठेवायला हा कॅमेरा उत्तम आहे. कुत्र्याशी बोलायला कामचलाऊ, आणि तेही कुत्रं कुठल्या स्वभावाचं आहे त्यावर. आणि त्याला आपला चेहरा दिसावा म्हणून पुढे जो सात इंची पडदा बसवलाय, त्याचे पैसे पाण्यात. गंमत म्हणजे जाहिरातीत सगळ्यात पुढे तोच पडदा असतो. पडद्यात मालकीणबाई हसतायत, समोर कुत्रं शेपूट हलवतंय. माझ्याकडे इतक्या महिन्यांचं चित्रण साठलंय, त्यात असा प्रसंग शोधूनही मिळणार नाही.

कंपनीचं नाव देत नाही, कारण या वर्गातली सगळी यंत्रं थोड्याफार फरकाने सारखीच असतात. रुंद कोनाची लेन्स, अंधारात बघायला इन्फ्रारेड दिवे, डावी-उजवीकडे वळणारी मोटर, माइक, स्पीकर, पडदा, आणि कुत्रं भुंकलं की मोबाइलवर सूचना. आमची चंपी पाचेक वर्षांची, मध्यम चणीची, रस्त्यावरून आणलेली, अर्धवट उभ्या कानांची. दिवसाचे काही तास एकटी असते. तशी ती घाबरट नाही, पण आमच्या येण्याजाण्याकडे तिचं बारीक लक्ष असतं.

पडद्याचं आधी उरकते. सुरुवातीला व्हिडिओ कॉल लावला की चंपी यायची, पडद्याला नाक लावायची, मग यंत्राच्या मागे जाऊन हुंगायची आणि निघून जायची. पुढे पुढे येणंही बंद झालं. यात नवल काही नाही. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात, साधारण 429 आणि 555 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देणाऱ्या. निळा आणि पिवळा त्यांना वेगळा कळतो, लाल-हिरव्यात घोळ होतो. बारकावे टिपण्यात त्यांची नजर आपल्यापेक्षा बरीच कमी. हालचाल मात्र त्यांना झटकन कळते. लुकलुकणारा प्रकाश आपल्याला सेकंदाला साधारण 60 वेळांच्या आसपास सलग दिसायला लागतो, कुत्र्यांच्या बाबतीत हा आकडा 70 ते 80 च्या घरात जातो. आता या डोळ्यांपुढे आपण काय ठेवतो? तळहाताएवढा चेहरा, इंटरनेट मंदावलं की अडखळणारा. वर आपण मोबाइलच्या पडद्याकडे बघत असतो, कॅमेऱ्याकडे नाही, त्यामुळे नजरही तिच्यावर नसते. आणि वास? तो शून्य.

म्हणजे कुत्र्यांना पडद्यावरचं काही कळतच नाही, असं अजिबात नाही. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नऊ कुत्र्यांनी पडद्यावरच्या फोटोंमधून कुत्र्यांचे चेहरे इतर प्राण्यांच्या चेहऱ्यांपासून वेगळे काढले होते, तेही वेगवेगळ्या जातींचे कुत्रे असताना. त्याआधी 2003 मध्ये बुडापेस्टच्या संशोधकांनी माणसाची चित्रफीत भिंतीवर प्रक्षेपित केली आणि त्यातल्या माणसाने बोटाने दाखवलेल्या दिशेला कुत्री गेली. पण ती प्रतिमा माणसाच्या खऱ्या आकाराची होती, हे लक्षात घ्या. सात इंची पडदेवाले हा मुद्दा सोयीने गाळतात. आमच्याकडे टीव्हीवर प्राणी पळताना दिसले तर चंपी मान वर करून बघते, कधी प्राणी चौकटीबाहेर गेला की टीव्हीच्या कडेला जाऊन शोधते. बोलणारी माणसं दिसली तर तिला काडीचा रस नसतो. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाचा 2025 मधला अभ्यास कुत्र्यांच्या टीव्ही बघण्यावरच आहे. उत्साही कुत्री पडद्यावरच्या हलत्या वस्तूंचा माग काढतात, तर भित्री कुत्री बेल, हॉर्न अशा आवाजांनी जास्त दचकतात, असं त्यात दिसलं. तेव्हा कुत्र्याला सोबत म्हणून टीव्ही लावून जाणाऱ्यांनी आधी आपलं कुत्रं या दोनांपैकी कुठलं ते बघावं.

आता आवाज. इथे मात्र सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

कुत्रं नुसत्या आवाजावरून मालकाला ओळखतं, यात शंका नको. क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2007 मध्ये कुत्र्यांना आधी मालकाचा किंवा अनोळखी माणसाचा आवाज ऐकवला आणि मग पडद्यावर चेहरा दाखवला. आवाज एकाचा आणि चेहरा दुसऱ्याचा असला की कुत्री जास्त वेळ बघत राहिली, म्हणजे आवाजावरून त्यांनी कोणता चेहरा दिसणार याचा अंदाज बांधला होता. 2022 मध्ये बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांद विद्यापीठात लपाछपी खेळवली: मालक एका आडोशामागे, अनोळखी माणूस दुसऱ्या आडोशामागे, आणि आडोशांमागून दोघांचे भावनाविरहित सुरात वाचतानाचे आवाज ऐकवले. 82 टक्के वेळा कुत्र्यांनी मालकाचा आडोसा बरोबर निवडला.

पण त्या प्रयोगात आडोशामागे मालक खरोखर सापडत होता. माझ्या यंत्रात तो सापडत नाही, आणि सगळी गोम इथेच आहे. मी बोलले की चंपी उठते, कान वळवते, आवाज कुठून आला ते अचूक हेरते (कुत्र्यांचा हा नेम फारच चांगला असतो, आठ-दहा अंशांच्या फरकानेसुद्धा दिशा कळते) आणि कपाटावरच्या यंत्रापाशी येते. तिथे मी नाही, माझा वासही नाही. मग ती थेट दाराशी जाते. तिच्या हिशेबाने बरोबरच आहे, कारण एरवी माझा आवाज ऐकू आला याचा अर्थ मी आले असाच होतो. त्यानंतर ती दाराशी बसून राहते, अधूनमधून कुंईकुंई करते. चित्रण मागे नेऊन बघितलं तर मी बोलण्याच्या आधी ती गाढ झोपलेली असते. ज्या दिवशी मी बोलत नाही त्या दिवशी दाराशी ताटकळणं जवळजवळ नसतंच. आमच्या घरात एवढी एकच गोष्ट महिनोन्‌महिने न चुकता दिसली.

मुलाने एकदा चित्रणातून फोटो काढला: चंपी मान तिरकी करून स्पीकरकडे बघतेय. ज्याला दाखवला तो म्हणतो, अगदी एचएमव्हीचा कुत्रा! ग्रामोफोन ऐकत बसलेला, एचएमव्हीच्या रेकॉर्डवरच्या चित्रातला तो कुत्रा म्हणजे निपर. मालक गेल्यावर तो मालकाच्या भावाकडे, म्हणजे चित्रकार फ्रान्सिस बॅरॉकडे आला. निपर 1895 मध्ये गेला, चित्र त्यानंतरचं. आधी चित्रात फोनोग्राफ होता, 1899 मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र विकत घेताना त्या जागी आपलं यंत्र रंगवून घेतलं. म्हणजे कुत्र्याला आवाज ऐकवणाऱ्या यंत्रांची जाहिरातबाजी तेव्हापासूनची आहे म्हणायची. मान तिरकी करणं आपल्याला गोड वाटतं, पण ते आनंदाचंच लक्षण धरू नये. लक्ष देऊन ऐकतानाही कुत्री असं करतात, आणि चंपी तर तिरकी मान सरळ केली की दाराकडेच निघते.

नवऱ्याच्या बाबतीत वेगळंच झालं. घरी त्याच्या हाकेवर चंपी जीव टाकते, पण यंत्रातून तो बोलला की भुंकते. तो थोडा खट्टू झाला. मला वाटतं दोष स्पीकरचा. पुरुषाच्या आवाजाचा पायाभूत सूर 100 ते 120 हर्ट्झच्या आसपास असतो आणि बोटभर स्पीकरला एवढा खर्ज झेपतच नाही. आपला मेंदू गाळलेला खर्ज आपणहून भरून काढतो, म्हणून फोनवरही आपल्याला माणूस ओळखू येतो. वरच्या बाजूलाही तेच. कुत्र्याचं ऐकणं साधारण 67 हर्ट्झपासून 45,000 हर्ट्झपर्यंत पोचतं, आपलं 20,000 ला संपतं, आणि अशी यंत्रं बोलण्याचा आवाज बहुतेक वेळा सात-आठ हजाराच्या पुढे कापूनच टाकतात. आपल्या कानांना पुरेल एवढाच आवाज पाठवायचा, असा सगळा बेत असतो.

शिवाय यंत्राची ‘हुशारी’ आड येते. पार्श्वभूमीचा गोंगाट काढण्याच्या नादात ते पहिलं अक्षरच गिळतं, ‘चंपी’ची ‘पी’ होते. ती भुंकत असेल तर प्रतिध्वनी नको म्हणून माझा आवाज बंद पडतो, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी. आणि आवाजाची पातळी आपोआप सारखी केली जाते, त्यामुळे लाडाचा सूर आणि दटावणीचा सूर यातलं अंतर कमी होतं. हे नुकसान छोटं नाही. 2016 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात तेरा प्रशिक्षित कुत्री जागेपणी, न हलता, एमआरआय यंत्रात पडून राहिली होती. शब्दही कौतुकाचा आणि सूरही कौतुकाचा असेल तेव्हाच त्यांच्या मेंदूतला बक्षिसाचा भाग उजळला. नुसत्या शब्दाने किंवा नुसत्या सुराने काम झालं नाही.

आता जे दोन अभ्यास माझ्या अनुभवाशी सगळ्यात जास्त जुळतात ते. आपण कुत्र्याशी उंच पट्टीत, लाडे लाडे बोलतो. 2017 च्या एका प्रयोगात असं बोलणं ध्वनिमुद्रित करून नुसत्या स्पीकरवरून ऐकवलं. पिल्लं खूश, मोठ्या कुत्र्यांना मात्र लाडाचं आणि साधं बोलणं सारखंच. पुढच्याच वर्षी यॉर्क विद्यापीठात तसंच बोलणं ऐकवलं, पण स्पीकर मांडीवर घेऊन प्रत्यक्ष माणसं बसली होती. लाडाचा सूर आणि त्यात कुत्र्याच्या आवडीचे शब्द असतील तर मोठी कुत्रीही त्या माणसाजवळ जास्त रेंगाळली. आमच्या घरी डिट्टो. रिकाम्या घरात माझा आवाज म्हणजे दाराशी ताटकळणं. तोच आवाज नवऱ्याच्या हातातल्या फोनमधून आला तर शेपूट, उड्या, आणि मग नवऱ्याचाच गाल चाटणं. श्रेय त्याला जातं, पण चालतं.

बोलण्याचा एक उपयोग मात्र खरा आहे. ‘जागेवर’ हा एकच शब्द मी तिला यंत्रातून शिकवला. आधी मी स्पीकरशेजारी बसून फोनमध्ये बोलायची, ती गादीवर गेली की शाबासकी. मग शेजारच्या खोलीतून, मग जिन्यातून. आता खिडकीपाशी भुंकाभुंकी सुरू झाली आणि मी दोनदा ‘जागेवर’ म्हटलं की निम्म्याअधिक वेळा ती गादीवर जाते. दोनदा, कारण पहिला यंत्र खातं. त्यापलीकडे यंत्रातून गप्पा मारत नाही.

काही बारीक गोष्टी, ज्या माहितीपत्रकात नसतात. कॉल जोडला जाताना यंत्र टुंग असं वाजतं. चंपीने तो टुंग पाठ केला आणि मी बोलायच्या आधीच दाराकडे जायला लागली. सेटिंगमध्ये तो बंद करता येतो, पहिल्या दिवशीच करा. मोटरची घरघर झोपलेल्या कुत्र्याला उठवते, म्हणून यंत्र कोपऱ्यात ठेवून वळवायची गरजच पडणार नाही असं बघा. चार्जिंगचे अडॅप्टर आपल्या कानांपलीकडे, 20 किलोहर्ट्झच्या वर बारीक किणकिणू शकतात. यंत्र आल्यावर चंपीने प्लगजवळची आवडती जागा सोडली होती, चांगला अडॅप्टर लावल्यावर परत तिथे झोपायला लागली. भुंकण्याची सूचना बेल वाजली तरी येते, स्वयंचलित अंदाजावर फार विसंबू नका.

आणि गप्प राहून बघण्याने काय मिळालं? एका आठवड्यात रात्रीच्या चित्रणात ती सारखी डावा कान खाजवताना दिसली, दिवसा आमच्यासमोर तसं करत नव्हती. डावीकडून हाक मारली तरी उजवीकडे वळायची. डॉक्टरांनी कानाचा संसर्ग सांगितला, औषधाने गेला. एवढ्यावरच कॅमेऱ्याचे पैसे वसूल झाले असं मी समजते. ती दिवसभर झुरत असेल ही आमची समजूतही खोटी ठरली. बहुतेक वेळ ती झोपते, कुशी बदलते, खिडकीतून बघते, परत झोपते.

तुमचं कुत्रं एकटं पडल्यावर दार खरवडत असेल, लाळ गाळत असेल, घरात घाण करत असेल, तर यंत्रातून समजूत घालत बसू नका. चित्रण पशुवैद्यांना दाखवा, त्यांना त्यातून तुमच्या तोंडी वर्णनापेक्षा जास्त कळेल. एकटं राहण्याचा वेळ टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याला पर्याय नाही.

कुत्र्यानेच मालकाला फोन करावा, असाही प्रयोग झालाय. ग्लासगो विद्यापीठातल्या इलिएना हिर्स्की-डग्लस यांनी 2021 मध्ये आपल्या झॅक नावाच्या लॅब्रॅडॉरला एक चेंडू दिला, तो हलवला की व्हिडिओ कॉल लागायचा. बरेचसे कॉल चुकून लागले आणि झॅकला उचललेल्या फोनमध्ये फारसा रस नसायचा. चंपीचं मत वेगळं निघेल असं वाटत नाही.

घ्यायचाच असेल तर बिनपडद्याचं मॉडेल घ्या, बरंच स्वस्त पडतं. मेमरी कार्डाची सोय आहे ना ते बघा, नाहीतर जुनं चित्रण बघायला दर महिन्याला पैसे भरावे लागतात. आणि माइक बंद ठेवून नुसतं बघता येतं का, हे विकत घेण्याआधी विचारून घ्या. काही अ‍ॅपमध्ये चित्र उघडलं की माइकही आपोआप चालू होतो.