फुजीफिल्म जीएफएक्स १०० आरएफ: मध्यम फॉरमॅट हातात धरून रस्त्यावर

दिवसाउजेडी रस्त्यावर फिरणाऱ्याने, मोठे प्रिंट काढणाऱ्याने आणि शटर स्पीडच्या बाबतीत हट्टी असणाऱ्याने हा कॅमेरा जरूर घ्यावा. रात्रीचे बाजार आणि मंडपातली रोषणाई हेच ज्याचे विषय आहेत, त्याने घेऊ नये. असं का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेला हा फुजीचा पहिला जीएफएक्स (मध्यम फॉरमॅट, म्हणजे फुल फ्रेमहून मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांची मालिका), ज्याची लेन्स निघत नाही. ४३.८ × ३२.९ मिमीचा, १०२ मेगापिक्सेलचा सेन्सर; पुढे ३५ मिमी एफ/४ लेन्स, म्हणजे फुल फ्रेमच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबात २८ मिमी. बॅटरी आणि कार्डासकट वजन ७३५ ग्रॅम. एवढा मोठा सेन्सर दिवसभर एका हातात वागवता येतो, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. त्यासाठी फुजीने दोन गोष्टी सोडल्या: मोठं अपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक; एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं) आणि स्टॅबिलायझेशन. फोटो काढताना बॉडीत किंवा लेन्समध्ये हाताची थरथर सावरणारं काहीच नाही. पुढची सगळी शिस्त यातूनच येते.

२८ मिमीला १/३० सेकंदाचा शटर स्पीड पुरतो, हा जुना नियम इथे विसरा. लीफ शटर (लेन्समध्येच बसवलेलं पात्यांचं शटर) असल्याने आतून धक्का बसत नाही; दोन्ही कोपरे छातीला टेकवून, श्वास सोडून १/६० ला स्थिर वस्तू धारदार येते. चालता चालता मात्र १/१२५ च्या खाली जाऊ नये. पण रस्त्यावर हातापेक्षा माणसं जास्त हलतात, आणि खरा घोळ तिथे होतो. ताशी पाच किलोमीटरने चालणारा माणूस तीन मीटरवरून आडवा गेला, तर सेन्सरवर त्याची प्रतिमा सेकंदाला साधारण १६ मिमी सरकते. या सेन्सरचा एक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा. म्हणजे १/२५० ला तो माणूस सुमारे १७ पिक्सेल पुसला जातो, १/५०० ला नऊ आणि १/१००० ला चार. ए३ प्रिंटवर १७ पिक्सेल म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त. डोळ्याची पापणी, साडीची किनार, पाटीवरचं अक्षर एवढ्यात मऊ होतं. मग लेन्सला बोल लावला जातो, पण तिचा काही दोष नसतो. समोरून आपल्याकडे येणारा माणूस इतका पुसला जात नाही, त्याला १/५०० पुरतं. आडव्या हालचालीला १/१००० च.

आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, कॅमेऱ्यालाच ठरवू देणाऱ्या ऑटो आयएसओचे तीन कप्पे आहेत, ते याच हिशेबाने भरून ठेवावेत: पहिल्यात कमाल आयएसओ ६४००, आणि शटर डायलवरच १/१००० धरलेला; दुसऱ्यात किमान शटर १/५०० आणि कमाल आयएसओ ६४००, तिसऱ्यात १/१२५ आणि १२८००. भर उन्हात एफ/८, १/१००० ला आयएसओ २५० च्या आसपास बसतो. इमारतीच्या सावलीत तो १६०० ते २००० वर जातो आणि पुण्याच्या तुळशीबागेसारख्या ताडपत्रीखालच्या बोळात ६४०० ला टेकतो. घाबरायचं कारण नाही. या सेन्सरवर ६४०० चे दाणे छापल्यावर बारीक आणि एकसारखे दिसतात. दाणेदार पण धारदार फोटो छापता येतो, पुसलेला येत नाही.

इलेक्ट्रॉनिक शटर रस्त्यावर बंदच ठेवा. सेन्सर हळू वाचला जातो, त्यामुळे जाणारी रिक्षा तिरकी होते आणि एलईडी दिव्यांखाली पट्टे येतात. लीफ शटरचा आवाज तसाही शेजाऱ्याला ऐकू येत नाही.

ऑटोफोकस चांगला आहे, फेज डिटेक्शनचा आहे, चेहरे ओळखतो. पण गर्दीत समोर दहा चेहरे असले की आपल्याला हवा तोच चेहरा तो पकडेल याचा भरवसा नाही. म्हणून जवळच्या कामाला झोन फोकसच बरा, म्हणजे फोकस आधीच एका अंतरावर धरून ठेवायचा. एफ/८ आणि २.५ मीटर, हे मूळ सेटिंग. या अंतरावर आडव्या फ्रेमची उंची २.३५ मीटर आणि रुंदी ३.१ मीटर भरते. उभा माणूस डोक्यावर थोडी हवा ठेवून पायापर्यंत येतो. नेहमीच्या कोष्टकाप्रमाणे १.५ ते साडेसहा मीटरपर्यंत सगळं धारदार. हा आकडा पूर्ण फ्रेम हातभर अंतरावरून पाहणाऱ्यासाठी आहे. पुढे फ्रेमचा मधला भागच ठेवून ६३ मिमीच्या क्रॉपला कातरायचं असेल, तर तोच पट्टा १.९ ते ३.८ मीटरवर येतो. १०२ मेगापिक्सेल कातरण्यासाठी घेतले असतील, तर फोकसही कातरलेल्या फ्रेमच्याच हिशेबाने धरायला हवा. मेनूत डेप्थ ऑफ फील्ड स्केलचे (धारदार पट्टा दाखवणाऱ्या मोजपट्टीचे) दोन पर्याय आहेत, पिक्सेलवर आधारित आणि फिल्म फॉरमॅटवर आधारित. पहिला इतका कडक की पट्टा जवळजवळ दिसतच नाही; दुसरा उदार. दुसरा निवडून, दिसतो त्याच्या निम्म्या पट्ट्यावरच विश्वास ठेवावा.

फोकस रिंग इलेक्ट्रॉनिक आहे, तिच्यावर अंतराचे आकडे कोरलेले नाहीत, नुसता अंगठा लावून अंदाज घेता येत नाही. याची उणीव रोज जाणवते. कॅमेरा चालू केला की स्क्रीनवरच्या पट्टीवर २.५ मीटर आहे ना, हे एकदा पाहावं. मॅन्युअल फोकसमध्ये राहूनही एएफ-ऑनचं काम दिलेलं बटण दाबलं की कॅमेरा तेवढ्यापुरता स्वतः फोकस करून देतो. रस्त्यावर ही जोडी सगळ्यात कामाची: बटण दाबून एकदा अंतर धरा, मग शटर दाबताना कॅमेरा फोकस शोधत बसत नाही.

समोरच्या छोट्या खटक्याने ३५, ४५, ६३, ८० मिमी असे क्रॉप बदलतात; मेगापिक्सेल अनुक्रमे १०२, ६२, ३१, २०. मागच्या डायलवर फ्रेमचे नऊ आकार आहेत, त्यात ६५:२४ ची लांबट पट्टीही आहे. रॉ फाइलमध्ये (सेन्सरच्या कच्च्या नोंदीत) पूर्ण फ्रेम राहते, क्रॉप फक्त कॅमेऱ्यातून तयार होऊन येणाऱ्या जेपेगला लागतो. खरी मजा व्ह्यूफाइंडरमध्ये आहे. चौकटीबाहेरचा भाग अर्धपारदर्शक दिसेल असं ठेवता येतं, त्यामुळे फ्रेममध्ये शिरू पाहणारा माणूस दोन पावलं आधी कळतो. ६३ चा क्रॉप लावून हे चालू ठेवलं, तर चौकटीबाहेरचंही दाखवणाऱ्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यासारखं काम होतं. ८० चा क्रॉप मात्र टाळावा. २० मेगापिक्सेल छोट्या कॅमेऱ्यातही मिळतात, आणि त्यासाठी एवढा पैसा घालण्यात अर्थ नाही.

आता उजेडाचं. पांढरे सदरे, टोप्या आणि दुपारचं ऊन यात सेन्सर सावल्यांमधून प्रचंड काही बाहेर काढू देतो, पण उडालेला पांढरा परत येत नाही. म्हणून एक्स्पोजर पांढऱ्यासाठी ठेवा, सावली नंतर उचला. जेपेगवरच काम करणाऱ्याने पांढरा वाचवणारं डीआर (डायनॅमिक रेंज) २०० किंवा ४०० लावावं; त्यासाठी आयएसओ अनुक्रमे किमान १६० आणि ३२० लागतो.

रंगांमध्ये सगळ्यात अवघड पिवळा आणि गुलाबी. जेजुरीला सोमवती अमावस्येला भंडारा उधळला की सगळी फ्रेम हळदीने भरते. साधा हिस्टोग्राम (फ्रेममधल्या उजेडाचा आलेख) मधोमध शांत दिसतो, आणि तोपर्यंत लाल चॅनल उजव्या भिंतीला जाऊन आपटलेला असतो. घरी आल्यावर भंडाऱ्याचे ढग सपाट पिवळे चट्टे झालेले दिसतात, कणाकणाचा पोत गेलेला असतो. एका फंक्शन बटणावर तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम ठेवा आणि लाल चॅनल पाहूनच एक्स्पोजर ठरवा. बहुतेक वेळा वजा दोन तृतीयांश ते वजा एक स्टॉप लागतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). हा हिस्टोग्राम जेपेगवरून बनतो, म्हणून फिल्म सिम्युलेशन (फिल्मच्या रंगांची नक्कल) प्रो नेग स्टँडर्डसारखं मऊ ठेवावं. भडक रंगांचं वेल्व्हिया लावलं तर शाबूत असलेला रंगही उडालेला दिसतो. विसर्जनाच्या गुलालाला हेच लागू. कृष्णधवल काढणाऱ्यासाठी एक सूचना: अक्रॉस या कृष्णधवल सिम्युलेशनबरोबर लाल फिल्टर निवडला तर गुलाल आणि कुंकू फिकट पांढुरके होतात, हिरवा निवडला तर ते गडद उठून येतात.

भंडारा-गुलालाच्या ठिकाणी न निघणारी लेन्स हे वरदान आहे, कारण लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ बसण्याचा प्रश्नच नाही. मात्र कॅमेरा धूळ-पाण्यापासून बंद होतो तो पुढे अडॅप्टर रिंग आणि ४९ मिमीचा फिल्टर चढवल्यावरच. दोन्ही खोक्यात येतात, पहिल्याच दिवशी चढवून टाका आणि काढू नका. पावसाळ्यातही याच अटीवर भिजू द्यावा. हळद पुसताना ओलं फडकं कधीही लावू नये, डाग धरतो. आधी ब्लोअर, मग कोरडा मऊ ब्रश, आणि डायलच्या खाचांमध्ये पुन्हा ब्लोअर.

आत चार स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा) फिल्टर आहे. भर उन्हात एफ/११, आयएसओ ८० ला १/१६० येतो. एनडी लावला की १/१०. स्थिर उभा माणूस आणि भोवती वाहणारी गर्दी हा फोटो त्यातून निघतो, पण हातात धरून पाचांतला एखादाच जमतो, खांबाला टेकून उभं राहा. लीफ शटरमुळे फ्लॅश वरच्या शटर स्पीडलाही जुळतो. टोपीखालच्या काळ्या सावलीत थोडा उजेड भरायला गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) २० चा छोटा फ्लॅश पुरे. तो पूर्ण पॉवरवर वापरू नका. त्याचा लखलखाट लांबतो आणि १/१००० ला शेवटचा भाग कापला जातो.

रात्री काय? उजळलेल्या दुकानासमोर एफ/४, आयएसओ ६४०० ला १/२५० मिळतो, ते चालतं. गल्लीत शिरलात की १/६०. तिथे माणसं पुसली जातात, आणि एफ/४ ला फोकसचा पट्टाही जेमतेम १.९ ते ३.६ मीटर. एवढ्याच वजनाचा लायका क्यू३, २८ मिमी एफ/१.७ आणि स्टॅबिलायझेशनसह, या वेळी सरळ सरळ सरस आहे. त्याचा सेन्सर लहान, मेगापिक्सेल ६० आणि किंमत याहून जास्त. लेन्स बदलायच्याच असतील तर जीएफएक्स १०० एस २ पाहावा: बॉडी ८८३ ग्रॅम, आत स्टॅबिलायझेशन, वर ३३५ ग्रॅमची ५० मिमी एफ/३.५. वजन सव्वा किलोच्या घरात, पण थांबून काढायच्या फोटोंसाठी रात्रीही हात देतो.

फाइलींचा बोजा खरा आहे. लॉसलेस कॉम्प्रेस्ड रॉ शंभर एमबीच्या पुढे जाते, १६ बिट निवडलं तर आणखी फुगते आणि कॅमेरा मंदावतो. रस्त्यावर १४ बिटच ठेवावं. कार्ड यूएचएस-२ चंच घ्या, दोन खाचा आहेत. बॅटरी एनपी-डब्ल्यू२३५, एक्स-टी५ चीच. कंपनी ८२० फोटो सांगते. व्ह्यूफाइंडर सतत चालू राहिला तर तेवढे निघत नाहीत, दुसरी बॅटरी खिशात असू द्या. घेण्याआधी दुकानात एकच चाचणी करा: तुमच्याच कार्डावर, १/१२५ ला, चालता चालता रस्त्यावरच्या पाट्यांचे पंधरा-वीस फोटो काढा आणि घरी शंभर टक्क्यांवर उघडून पाहा. त्यातले निम्मे फोटो मऊ आले, तर आधी १०० एस २ हातात धरून बघा.