जुन्या कमांड लाइन टूलच्या टेस्ट पायटेस्टने साफ केल्या, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, पायटेस्ट, म्हणजे पायथन कोडच्या टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्राम) चालवायचं पॅकेज, मला मनापासून आवडलंय आणि ज्यांच्याकडे पायथनमधलं जुनं कमांड लाइन टूल (कमांड टाइप करून चालवायचा प्रोग्राम) पडलंय त्यांनी ते वापरावंच. फुकट आहे, एमआयटी लायसन्स आहे, पिपने इन्स्टॉल केलं की लगेच चालू. पण एका बाबतीत ते खोटा धीर देतं आणि आपल्यासारखे देवनागरी छापणारे लोक नेमके तिथेच अडकतात, म्हणून हा रिव्ह्यू जरा लांब लिहितोय.

आमचं काम पर्वरीतून चालतं. गोव्यातल्या काही देवस्थानांच्या कमिट्यांसाठी पावत्यांचं एक टूल आम्ही सांभाळतो. अभिषेक, पालखीची सेवा, जत्रेची वर्गणी असं सगळं सीएसव्हीत टाकायचं आणि एक कमांड मारली की महिन्याचा अहवाल मराठीत बाहेर येतो. टूल साधंच आहे पण कमिटीच्या सभेत महाजनांसमोर तोच अहवाल वाचला जातो, त्यामुळे आकडा चुकला की गावभर चर्चा. टेस्ट होत्या, भरपूर होत्या, पण अनेक वर्षांत अनेक हातांनी लिहिलेल्या आणि शेवटी अशी अवस्था झाली होती की टेस्ट लाल झाली, म्हणजे पडली, तर लोक कोड बघायच्या ऐवजी टेस्टच परत चालवून बघायचे. अशा टेस्ट असून नसल्यासारख्याच.

सगळं पायथनच्या स्वतःच्या युनिटटेस्टमध्ये होतं. त्यात वाईट काही नाही, ती लायब्ररी पायथन २.१ पासून, म्हणजे २००१ पासून सोबत येते आणि जावाच्या जेयुनिटच्या वळणाची आहे. पण आमच्याकडे प्रत्येक टेस्ट सबप्रोसेसने अख्खं टूल उठवायची, म्हणजे दरवेळी नवीन पायथन सुरू, सगळे इम्पोर्ट पहिल्यापासून, आणि हे कशासाठी तर एक बेरीज बरोबर आहे का बघायला. शिवाय सगळ्या टेस्ट एकाच फोल्डरमध्ये फायली टाकायच्या. युनिटटेस्ट क्लासमधल्या टेस्ट नावाच्या अक्षरक्रमाने चालवतं, त्याचा फायदा घेऊन कोणीतरी नावात शून्य एक, शून्य दोन घालून ठेवलेलं, आणि दुसरी टेस्ट पहिलीने सोडलेली फाइल वाचायची. पहिली काढली की दुसरी आपोआप मेली.

पायटेस्टची पहिली चांगली गोष्ट म्हणजे जुन्या युनिटटेस्टच्या टेस्ट ते जशाच्या तशा चालवतं. एका रात्रीत सगळं बदलायची गरज नाही, एक फाइल घ्या, साफ करा, कमिट करा, पुढची घ्या. सेल्फ डॉट असर्ट इक्वल वगैरे युनिटटेस्टच्या तपासण्या साध्या असर्टमध्ये, म्हणजे 'हे खरं हवं' सांगणाऱ्या पायथनच्या ओळीत, बदलायला युनिटटेस्टटूपायटेस्ट नावाचं एक स्क्रिप्टही मिळतं, ते यांत्रिक काम बरं करतं. मात्र अर्धवट ठेवू नका. टेस्ट जोपर्यंत युनिटटेस्टच्या टेस्टकेस क्लासच्या आत आहे तोपर्यंत पॅरामेट्राइझ (एकच टेस्ट वेगवेगळ्या माहितीवर चालवणं) चालत नाही आणि फिक्स्चर (टेस्टला लागणारी तयारी करून देणारी फंक्शनं) आर्ग्युमेंट म्हणून घेता येत नाहीत, म्हणजे खरी मजा क्लासमधून बाहेर पडल्यावरच आहे. आणि बाहेर पडलात की टेस्ट अक्षरक्रमाने न चालता फाइलमध्ये लिहिलेल्या क्रमाने चालतात, तेव्हा कोण कोणाच्या जिवावर जगत होतं ते आपोआप उघडं पडतं. त्यावर पायटेस्ट रँडमली हे प्लगइन टाकलं की दरवेळी क्रम पिसला जातो आणि उरलेसुरले लागेबांधेही सापडतात.

फायलींचा गोंधळ टीएमपी पाथ नावाच्या फिक्स्चरने संपवला. टेस्टच्या आर्ग्युमेंटमध्ये ते नाव लिहायचं, बस, त्या टेस्टला स्वतःचं कोरं फोल्डर मिळतं. साफसफाईचा कोड लिहायला नको, आणि मागच्या तीन रनची फोल्डरं ते ठेवून देतं त्यामुळे टेस्ट पडल्यावर आत जाऊन टूलने नक्की काय लिहिलं ते डोळ्यांनी बघता येतं. हे फार कामाला आलं. मंकीपॅच हे तात्पुरते बदल करणारं फिक्स्चरही तसंच, एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल बदला, चालू फोल्डर बदला, टेस्ट संपली की सगळं पूर्ववत.

पण खरं काम टेस्टमध्ये नव्हतं, टूलमध्ये होतं, आणि हे कोणतंही पॅकेज तुमच्यासाठी करून देणार नाही. मेन फंक्शन थेट सिस आर्गव्ही (कमांडसोबत टाइप केलेल्या शब्दांची यादी) वाचत होतं आणि मधूनच कुठेही एक्झिट मारत होतं. ते बदलून मेनला आर्ग्युमेंटची यादी द्यायची आणि त्याने एक आकडा, म्हणजे एक्झिट कोड, परत करायचा, एवढं केलं. मग टेस्टमध्ये सबप्रोसेस नको, मेन सरळ बोलवा, आकडा तपासा, टूलने छापलेला मजकूर कॅपसिस या फिक्स्चरने वाचा. चुकीचा ऑप्शन दिला की आर्गपार्स (कमांडचे ऑप्शन वाचणारी पायथनची लायब्ररी) सिस्टम एक्झिट फेकतो आणि कोड २ असतो, ते पायटेस्ट रेझेसने (हवी ती एरर येते का बघणारी सोय) दोन ओळीत तपासता येतं. पूर्वी टेस्ट लावून लोक चहा प्यायला खाली उतरायचे, आता खुर्चीतून उठायच्या आत निकाल येतो. आणि काही पडलंच तर डॅश डॅश एलएफ देऊन फक्त मागच्या वेळी पडलेल्याच परत चालवता येतात.

काही टेस्ट मात्र मी सरळ काढून टाकल्या. हेल्पचा अख्खा मजकूर अक्षर न अक्षर जुळवणारी टेस्ट कोणाच्या काय उपयोगाची? पायथन ३.१० मध्ये आर्गपार्सने हेल्पमधलं 'ऑप्शनल आर्ग्युमेंट्स' हे शीर्षक बदलून नुसतं 'ऑप्शन्स' केलं आणि आमच्या डझनभर टेस्ट एकदम लाल, टूलमध्ये एक अक्षर बदललेलं नसताना. वर टर्मिनलच्या रुंदीप्रमाणे त्या ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात. हेल्प येते का आणि त्यात आपल्या ऑप्शनचं नाव आहे का, एवढं पुरे.

दुसरी जात म्हणजे तारखेवाल्या टेस्ट. अहवालाच्या डोक्यावर आर्थिक वर्ष छापलं जातं आणि टेस्टमध्ये ते हाताने लिहिलेलं, म्हणजे १ एप्रिल उजाडला की टेस्ट पडणारच, दरवर्षी. इथे मंकीपॅच थेट कामाला येत नाही, कारण डेट हा पायथनच्या पोटातला सी मधला टाइप आहे आणि त्याच्या टुडेला हात लावायला गेलात की टाइप एरर येते. आम्ही मेनपासूनच तारीख आर्ग्युमेंट म्हणून आत पाठवायला लागलो आणि तो प्रश्न कायमचा मिटला. मग पॅरामेट्राइझ लावून ३१ मार्च, १ एप्रिल, २९ फेब्रुवारी अशा तारखा एका यादीत टाकल्या, एकच टेस्ट, प्रत्येक तारखेचा निकाल वेगळा दिसतो. नवीन केस सुचली की एक ओळ वाढवायची. टेस्ट वाचूनच नियम कळतो, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

आता देवनागरीचं, कारण बाकीचं कुठेही वाचायला मिळेल.

पॅरामेट्राइझच्या केसना मराठी नावं दिलीत की निकालात ती बॅकस्लॅश यू आणि आकडे अशी दिसतात, वाचवत नाहीत. हे बंद करायला एक सेटिंग आहे आणि तिच्या लांबलचक नावातच लिहून ठेवलंय की हे वापराल तर कम्युनिटी सपोर्टवरचा सगळा हक्क सोडताय. आम्ही ते चालू केलं, आजवर त्रास नाही. पण मराठीसारख्या भाषेला इतकी साधी गोष्ट अशी दमदाटीच्या नावाखाली मिळावी हे मला खटकतं, अजिबात पटत नाही.

याच्या उलट एक गोष्ट इतकी छान निघाली की नुसत्या त्यासाठी मी पायटेस्ट घेतलं असतं. कऱ्हाडे आडनावाच्या एका भक्ताच्या दोन पावत्या अहवालात दोन वेगळ्या माणसांच्या म्हणून यायच्या. डोळ्यांना दोन्ही नावं सारखीच. टेस्ट लिहिली, पडली, आणि पायटेस्टच्या असर्टच्या ओळीत एका नावाच्या मधोमध बॅकस्लॅश यू २००डी दिसलं. तो झिरो विड्थ जॉइनर. आपला तो अर्धा ऱ्य, ऱ्ह वाला र दोन प्रकारे टाइप होतो, एक खाली नुक्ता असलेला ऱ आणि हलंत, दुसरा साधा र, हलंत आणि हा न दिसणारा जॉइनर. एका क्लार्कचा कीबोर्ड एक टाकतो, दुसऱ्याचा दुसरं. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकच अक्षर दोन प्रकारे लिहिलं असेल तर एकसारखं करणारी पद्धत) लावून हे जुळत नाही, आम्ही ते लावून बघितलं होतं. शेवटी नाव जुळवायच्या आधी र, हलंत, जॉइनर हा जोड ऱ आणि हलंतमध्ये बदलणारं छोटं फंक्शन लिहिलं. साध्या असर्टने दोन्ही बाजू अशा उघड्या करून दाखवल्या नसत्या तर आम्ही अजून सीएसव्ही चाळत बसलो असतो. लांब मजकूर असेल तर डॅश व्हीव्ही द्यायला विसरू नका, नाहीतर फरक मधेच कापून दाखवतो.

आणि आता तो खोटा धीर. फोंड्याकडच्या एका देवस्थानातून क्लार्क काकांचा फोन, "अरे, फाइल तयार होते पण आत कायच नाही, आणि स्क्रीनवर इंग्लिशमध्ये कायतरी लांबच लांब येतंय." आमच्या टेस्ट सगळ्या हिरव्या. काका विंडोजवर अहवाल स्क्रीनवर न बघता बाणाच्या चिन्हाने फाइलमध्ये वळवत होते. विंडोजच्या कन्सोलवर पायथन ३.६ पासून मराठी नीट छापतं, पण आउटपुट फाइलमध्ये वळवलं की पायथन मशीनच्या भाषा-सेटिंगचं एन्कोडिंग (अक्षरं बाइट्समध्ये लिहायची पद्धत) धरतं, तिकडे ते सीपी १२५२ होतं, त्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही, म्हणून पहिल्याच ओळीला युनिकोड एन्कोड एरर. आणि कॅपसिस? कॅपसिस स्टँडर्ड आउटपुटच्या जागी स्वतःची वस्तू बसवतं आणि तिचं एन्कोडिंग कायम यूटीएफ ८, ज्यात देवनागरी बसते. म्हणजे त्यावर लिहिलेल्या कितीही टेस्ट असल्या तरी ही चूक कधीच सापडणार नाही.

म्हणून सबप्रोसेसवाल्या सगळ्या टेस्ट उडवू नका. आम्ही मूठभर ठेवल्या, मुद्दाम. त्यातली एक लिनक्सवरच पायथन आयओ एन्कोडिंग हे व्हेरिएबल सीपी १२५२ वर सेट करून टूल चालवते आणि बाहेर आलेले बाइट्स यूटीएफ ८ आहेत का बघते. टूलमध्ये सुरुवातीलाच स्टँडर्ड आउटपुट यूटीएफ ८ वर रीकॉन्फिगर केलं, पायथन ३.७ पासून ती सोय आहे. ती ओळ उद्या कोणी चुकून काढली तर विंडोजचं मशीन समोर नसतानाही ही टेस्ट बोंब मारेल. काकांचा जूनचा अहवाल त्याच दिवशी नीट गेला.

तक्रार एकच मोठी, कॉनफटेस्ट, म्हणजे सामायिक फिक्स्चर ठेवायची फाइल. फिक्स्चर तिथे ठेवली की इम्पोर्ट न करता कुठेही मिळतात, लिहिणाऱ्याला छान वाटतं, वाचणाऱ्याचे हाल. डिचोलीहून येणारी आमची नवीन सहकारी पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "दादा, हे भरलेलं वहीखातं टेस्टमध्ये येतं कुठून? ह्या फाइलमध्ये तर कुठेच नाही." तिचं शंभर टक्के बरोबर होतं. डॅश डॅश फिक्स्चर्स पर टेस्ट दिलं की कुठली टेस्ट कुठलं फिक्स्चर घेते त्याची यादी मिळते, पण मुळात फिक्स्चरवर फिक्स्चर, त्यावर अजून एक, असा मनोरा रचूच नये. आम्ही सगळीकडे लागणारी दोनतीनच कॉनफटेस्टमध्ये ठेवली, बाकीची ज्या त्या फाइलमध्ये, आणि ऑटोयूज (न मागताच टेस्टना लागू होणारं फिक्स्चर) जवळजवळ बंद.

एक्सडिस्ट प्लगइनही लावून बघितलं, सगळ्या कोअरवर टेस्ट वाटून देतं. टेस्ट हलक्या झाल्यावर आम्हाला त्याचा फारसा फरक जाणवला नाही, मोठा प्रोजेक्ट असेल तर बघा.

पायथनचं व्हर्जन वाढवायचं मनात असेल तर ही साफसफाई त्याआधीच करा. जुन्या कोडमध्ये असर्ट इक्वल्स, शेवटी एस वालं, सर्रास सापडतं आणि ते ३.१२ मधून काढूनच टाकलंय, म्हणजे तेव्हा हात घालावाच लागेल. तुमचं टूल आर्गपार्सऐवजी क्लिक या लायब्ररीवर असेल तर क्लिकचा स्वतःचा सीएलआय रनर आहे, एक्झिट कोड आणि आउटपुट एकत्र देतो, पायटेस्टच्या आत छान बसतो. आणि टूल बॅशमध्ये असेल तर हा सगळा रिव्ह्यू सोडा, बॅट्स बघा, ते त्यासाठीच बनवलंय.