शाळेच्या नळावर काय ठेवायचं: साबणाची वडी, बाटली की सॅनिटायझर?

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हात धुण्याच्या सामानाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "सॅनिटायझरचा कॅनच आणू, पाण्याची भानगड नको." कोरोनाने लावलेली सवय. पण खिचडीसाठी ओळीत उभ्या असलेल्या पोरांकरता ही खरेदी चुकीची आहे.

सॅनिटायझरमधलं अल्कोहोल (निदान ६० टक्के हवंच) फ्लू, कोरोना अशा मेदाचं आवरण असलेल्या विषाणूंना चटकन मारतं. उलट्या-जुलाब लावणारा नोरोव्हायरस बिनआवरणाचा, तो अल्कोहोलला फारशी दाद देत नाही. जंतांची अंडीही शाबूत राहतात. त्यात मैदानातून आलेले हात मातीने भरलेले असले, तर अल्कोहोल नीट पोचतच नाही. साबण आवरण फोडतो आणि जे मरत नाही तेही चोळण्याने सुटं होऊन पाण्याबरोबर वाहून जातं. पोटाच्या आजारांपासून वाचायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे. शिवाय सॅनिटायझर पेट घेतं आणि लहानगी ते चाटतात, हे वेगळंच.

सॅनिटायझरची खरी जागा दवाखान्यात. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या नर्सचे हात दिसायला स्वच्छ असतात, वेळ मात्र नसतो. तिथे ते साबणापेक्षा सरस. एसटीच्या प्रवासातही ठीक.

मग साबण साधा घ्यायचा की 'जंतुनाशक'? साधा. कराचीच्या झोपडपट्ट्यांमधला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही घरांना साधा साबण दिला, काहींना जंतुनाशक, आणि हात धुण्याचा पाठपुरावा केला. साबण न दिलेल्या घरांच्या तुलनेत पंधरा वर्षांखालच्या मुलांचे जुलाब ५३ टक्क्यांनी आणि पाच वर्षांखालच्यांचा न्यूमोनिया ५० टक्क्यांनी कमी झाला. गंमत म्हणजे दोन्ही साबणांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक घटकांचे असे घरगुती साबण बंद केले, कारण ते साध्या साबणाहून चांगले असल्याचं कंपन्यांना दाखवता आलं नाही. जाहिरातीतल्या '९९.९ टक्के'साठी जादा पैसे मोजू नका.

वडी सर्वांत स्वस्त. तिच्यावर जंतू बसतात ही भीती अनाठायी आहे, वाहत्या पाण्यात ते धुऊन जातात. खरा त्रास कावळ्याचा! उघड्यावरची वडी तो हमखास पळवतो. कांद्याच्या जाळीदार पिशवीच्या तुकड्यात घालून नळाला बांधली की कावळा हरतो आणि वडीचा चिखलही होत नाही.

लिक्विड हँडवॉश दिसायला छान, पण पोरं तीन-चार वेळा दाबतात आणि बाटली भराभर संपते. अर्ध्या बाटलीत नवं ओतत राहिलं तर आत जंतू वाढू शकतात. धुऊन, वाळवून मगच भरायची, आणि हे काम शाळेत करणार कोण?

माझं मत साबणपाण्याच्या बाटलीला. बांगलादेशात दीड लिटर पाण्यात साधारण ३० ग्रॅम कपड्यांची पावडर विरघळवून हा प्रयोग झाला. झाकणाला भोक पाडायचं, बाटली दाबली की पुरेसं पाणी येतं. खर्च नगण्य, आणि ती कुणी चोरतही नाही. कुणाच्या हाताची आग झाली तर त्याच्यासाठी वडी ठेवा.

राखेने चोळल्यावर हात स्वच्छ वाटतात, पण तिच्या उपयोगाचे पुरावे तोकडे आहेत. साबण नसेल त्या दिवशी चालेल. मातीने मात्र नको, तिच्यात जंतांची अंडी असू शकतात.

बाटल्या दोन लागतील: एक स्वच्छतागृहाबाहेर, दुसरी खिचडीच्या ओळीपाशी. आणि सगळ्यांसाठी मिळून एकच नॅपकिन टांगू नका. हात झटकून वाळवले तरी चालतात.