पॉइंट टू-टू पिस्तुलावर रेड डॉट: आठ महिन्यांचा अनुभव

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी फोरसाइट, म्हणजे पिस्तुलाच्या टोकावरची नेमाची खूण, धूसर झाली. टार्गेट स्वच्छ दिसायचं, पण जिच्यावर नेम तोलायचा ती कडच विरघळल्यासारखी व्हायची. नौपाड्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी फोरसाइटच्या अंतराचा चष्मा करून दिला. मॅचला तो पुरतो, पण सरावाच्या दुसऱ्या तासाला डोळे पाणावतात. तेव्हा कोच म्हणाले, "ताई, सरावापुरता रेड डॉट लावून बघा." म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट; ठिपका टार्गेटवर ठेवायचा. सरावापुरता एवढ्याचसाठी, की आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, पिस्तूल प्रकारांत फक्त उघडी, बिनकाचेची साइट चालते.

माझ्या पिस्तुलात बोल्ट आतल्या आत सरकतो आणि वरचा भाग जागेवरच राहतो, त्यामुळे साइटला फारसे धक्के बसत नाहीत. निदान मी असं धरून चालले होते. पहिल्या महिन्यात ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, दर रविवारी थोडा थोडा उजवीकडे सरकत गेला. मनगटाला दोष दिला, ग्रिप बदलली, रात्री झोपेतही तेच. मग एकदा साफसफाई करताना बेसचा, म्हणजे साइट जिच्यावर बसते त्या पट्टीचा, पुढचा स्क्रू चक्क बोटाने फिरला! बसवून देणाऱ्याने आट्यांमधलं तेल पुसलंच नव्हतं. पंचवीस मीटरवरचे माझे तीन आठवडे त्यात गेले, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

त्यानंतर मी स्वतः बसवलं. मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासून घेतलं. स्क्रू आणि भोकं अल्कोहोलने पुसली, निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एकच थेंब लावला. साइट बेसच्या खाचेत पुढे ढकलून, तशीच दाबून धरत आवळली, कारण गोळी सुटताना पिस्तूल मागे जातं आणि साइट पुढे राहू बघते. एक दिवस हात लावला नाही. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून बेसवर नेलपॉलिशची एक रेघ ओढली. रेघ तुटली की स्क्रू फिरला. गेले सात महिने ती अखंड आहे.

ठिपका मला सुरुवातीला गोल दिसेना, फुटलेल्या चांदणीसारखा दिसायचा. मोबाइलने त्याचा फोटो काढला तर फोटोत अगदी गोल! म्हणजे दोष माझ्या सिलिंडर नंबरचा. पैसे देण्याआधी आपल्या चष्म्यातून ठिपका बघून घ्या. माझा तीन एमओएचा आहे (एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग), पंचवीस मीटरवर साधारण २२ मिलिमीटर झाकतो. प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश नेमाच्या टप्प्याच्या, टार्गेटचा टेन (दहा गुणांचं वर्तुळ) ५० मिलिमीटरचा असतो, त्यात तो छान बसतो. ठिपका सरकवायच्या स्क्रूचा एक क्लिक म्हणजे तिथे सुमारे ७ मिलिमीटर.

रॅपिडला, म्हणजे झटपट नेमाच्या टप्प्याला, मात्र महिनाभर रडकुंडीला आले. ४५ अंशांतून हात वर आणायचा, तीन सेकंद मिळतात, आणि ठिपका उघड्या साइटपेक्षा उंच असल्याने काचेत सापडतच नाही. घरी रिकाम्या पिस्तुलात डमी (नकली गोळी) घालून, भिंतीकडे बघत रोज पन्नास वेळा हात उचलला, तेव्हा कुठे तो आपणहून येऊ लागला. याच सरावात मला माझी खरी चूक दिसली. ट्रिगर सुटायच्या क्षणी ठिपका दर वेळी खाली-डावीकडे बुडायचा. उघड्या साइटवर ही हालचाल मला कधी दिसलीच नव्हती, आणि कोच वर्षभर तेच सांगत होते. हजार ग्रॅमचा ट्रिगर सरळ मागे ओढायला मी या ठिपक्यामुळे शिकले.

पावसाळ्यात ठाण्याहून वरळीच्या रेंजवर एसी गाडीतून उतरलं की काच धुरकटते. आता सायनपासून एसी बंद करते. पॉइंट टू-टूच्या गोळीची काजळी आणि मेण काचेवर बसतं. ते आधी फुंकणीने उडवून मग चष्म्याच्या कापडानेच पुसा, ओढणीने नाही.

मॅचच्या पंधरा दिवस आधी मी साइट काढते, बेस तसाच ठेवते. परत लावल्यावर एक-दोन क्लिकचा फरक पडतो, म्हणून पहिले दहा राउंड झिरो करण्यासाठीच, म्हणजे ठिपका आणि गोळी पुन्हा एका जागी आणण्यासाठी, राखून ठेवते.