४८,४०० रुपयांचा स्वस्त बेस गिटार: सव्वा वर्षाच्या वापरानंतर

आमचा कीबोर्डवाला नोकरीच्या कामासाठी सहा महिने जर्मनीला गेला, तेव्हा त्याचा अमेरिकन बनावटीचा जॅझ बेस (चार तारांचा, दोन पिकअपचा बेस गिटार) माझ्याकडे ठेवून गेला. "पेटीत पडून राहण्यापेक्षा तू वाजव," म्हणाला. त्यामुळे ऑगस्टपासून जानेवारीपर्यंत माझ्या खोलीत दोन बेस शेजारी शेजारी उभे होते. एक त्याचा, दोन लाखांच्या वरचा. दुसरा माझा, त्याच घाटाचा, पण स्वस्त मालिकेतला, सेकंडहँड १८,००० ला घेतलेला. माझ्या बेसवर मी नंतर ३०,४०० रुपये खर्च केले. म्हणजे एकूण ४८,४००. "महागडा एकदाच घ्यावा की स्वस्तातला सुधारत न्यावा" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी ठाण्यात राहते. आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवारी ऑर्केस्ट्रा. गणपती आणि नवरात्रात जवळजवळ रोज. भावगीतं, लावणी, कोळीगीतं, हिंदी जुनी-नवी, सगळं वाजवावं लागतं. हे आधी सांगते, कारण बेस निवडताना आपण काय वाजवतो याने फार फरक पडतो, आणि परदेशी व्हिडिओंमध्ये आपली गरज कोणीच बोलत नाही.

आमच्याकडे गायिका "काळी पाच" म्हणाली की काळी पाच, म्हणजे हार्मोनियमच्या पाचव्या काळ्या पट्टीचा सा. आता काळी पाचचा सा बेसवर कुठे येतो? ए तारेच्या पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या धातूच्या पट्टीवर. त्याचा खालचा पंचम सगळ्यात जाड ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर. म्हणजे अख्खं गाणं डावा हात नटला (डोक्याजवळची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) चिकटून, सा-पंचमाला मोकळी तार नाहीच. रॉकवाल्यांना मोकळी ई आणि मोकळी ए मिळते, त्यांचं निम्मं काम त्यावर होतं. माझ्या स्वस्त बेसच्या नटच्या खाचा उथळ कापलेल्या होत्या, म्हणून तारा पहिल्या फ्रेटवर वाजवीपेक्षा उंच होत्या. उंच तार दाबली की ती ताणली जाते आणि सूर चढतो. ट्यूनरवर मोकळी तार बरोबर, पण पहिल्या फ्रेटवरचा सा कीबोर्डशी भांडतोय. दोन महिने मी कानाला दोष देत होते. मग ट्यूनर लावून एकेक फ्रेट तपासला तेव्हा कळलं.

डिसेंबरात दुसरी गोष्ट झाली. हवा कोरडी झाली, फ्रेटबोर्डचं (फ्रेट ज्यात बसवतात त्या फळीचं) लाकूड थोडं आकसलं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहाताला बोचायला लागली. माझ्या बेसचा फ्रेटबोर्ड इंडियन लॉरेलचा आहे. इंडियन लॉरेल म्हणजे आपला सह्याद्रीतला ऐन! पूर्वी या जागी शिसवाच्या जातीची लाकडं असायची. २०१७ साली त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि अनेक कंपन्या स्वस्त मालिकांमध्ये दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, पण ऐन राहिला तो राहिलाच. मला त्यात काही कमी वाटत नाही. नीट सुकवलेला असला की तो चांगला टिकतो. माझा पुरेसा सुकलेला नव्हता, एवढंच.

जानेवारीत एका कारागिराकडे नेला. त्याने नट नवा हाडाचा बसवला, फ्रेट घासून एका पातळीत आणले, टोकं गोल केली. ४,५०० रुपये. तारा नव्या, ४५ ते १०५ (इंचाचे हजारावे भाग) जाडीच्या, २,२०० रुपये. आतले स्वस्त पॉट (आवाजाच्या बटणांखालचे भाग) खरखरत होते, ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून २५० किलोओहमचे आणून मीच बदलले, ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला, आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी लावली. त्याचे १,२०० झाले. एकूण ७,९००.

या ७,९०० रुपयांनी बेस बदलला. आधीचा आणि नंतरचा एकच बेस आहे यावर आमचा ड्रमर विश्वास ठेवेना. तारा खाली आल्या तरी खडखड नाही. तंबोऱ्याला आपण मुद्दाम जवारी काढतो, तार ब्रिजला (घोडीला) किंचित घासून गुंजावी म्हणून. बेसला नेमकं उलटं हवं असतं: तार कुठेही न घासता मोकळी हलावी आणि तरीही बोटाजवळ असावी. हे फक्त फ्रेट सपाट असले तरच जमतं. कुठलाही पिकअप (तारेचं कंपन टिपणारा चुंबकी भाग) ते देऊ शकत नाही.

सेटअप, म्हणजे नेकचा (मानेचा) बाक आणि तारांची उंची जुळवणं, मात्र शिकून घ्या, दरवेळी कारागिराकडे धावू नका. हार्डवेअरच्या दुकानात मेकॅनिकचं फीलर गेज मिळतं. ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून ठेवायची आणि आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघायचं. ०.३ मिलिमीटर असली की बरं. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक जुळवायची सळई) पाव फेरा, त्याहून जास्त एका वेळी कधीच नाही, आणि मग निदान काही तास थांबायचं. चार तारांचा मिळून सुमारे ७५ किलोचा ताण नेकवर असतो, लाकडाला सावरायला वेळ लागतो. मग सतराव्या फ्रेटवर तारेची उंची बघायची: ई तारेला साधारण २.४, सगळ्यात बारीक जी तारेला २ मिलिमीटर. यापुढे ज्याचा त्याचा हात.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. मार्चमध्ये १६,५०० चे आयात केलेले पिकअप बसवले आणि मेमध्ये ६,००० चा जड ब्रिज. पिकअपने आवाज बदलला, नाही म्हणत नाही. खालचे सूर जास्त भरीव झाले, तीव्र सुरांतला काचेसारखा टणत्कार गेला. घरी हेडफोनवर मला तो फरक फार आवडतो. पण नाट्यगृहात, डीआय बॉक्समधून (बेस थेट मिक्सरला जोडायचा डबा) मिक्सरला, पुढे ढोलकी आणि ऑक्टोपॅड असताना तो फरक जवळपास उरत नाही. ब्रिजने तर वजन वाढवण्यापलीकडे काही केलेलं मला ऐकू आलेलं नाही. जुना ब्रिज चांगला होता, सॅडल (तारा टेकतात ते छोटे तुकडे) सरकत होत्या, इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येणं) जुळत होतं. तो बदलायला नको होता.

आणि मग ऑगस्टमध्ये अमेरिकन बेस घरी आला.

पहिल्या पाच मिनिटांत कळतं की पैसे कुठे गेलेत. फ्रेटबोर्डची कड अशी गोल केलेली की वर्षानुवर्षं वाजवलेल्या बेससारखी हाताला लागते. बाराव्या फ्रेटच्या वरही प्रत्येक सूर तेवढाच जाड. आणि नेक! त्याच्या आत ग्रॅफाइटच्या दोन सळया आहेत. जून-जुलैच्या पावसात माझ्या बेसचा ट्रस रॉड मला दोनदा फिरवावा लागला, सप्टेंबरात आणखी एकदा. त्याच्या बेसला सहा महिन्यांत चावी लावावी लागली नाही. गणपतीत सलग दहा दिवस, भर पावसात, पेटीतून काढला की सुरात. या एका गोष्टीसाठी मी त्या बेसला मनापासून मान देते.

पण ज्या गोष्टी महागड्यात नसतील असं मला वाटत होतं, त्या त्यातही होत्या. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडे ठेवले की एकाची गुणगुण दुसरा मारतो. एकच वाजवला की गुणगुण येतेच. गडकरी रंगायतनला असो की कुठेही, रंगमंचावरचे दिवे डिमरने मंद केले की एकट्या पिकअपवर दोन्ही बेस सारखेच गुणगुणतात. आणि डेड स्पॉट. माझ्या बेसवर जी तारेच्या पाचव्या फ्रेटवर सूर पटकन विझतो. फेंडर कंपनीने १९५१ मध्ये पहिला प्रिसिजन बेस आणि १९६० मध्ये जॅझ बेस आणला, तेव्हापासूनच्या या घाटात, लांब सडपातळ लाकडी नेक असल्यामुळे, हे दुखणं त्याच भागात सापडतं. त्या सुराच्या कंपनाला नेक स्वतःच साथ द्यायला लागतो आणि तारेची ताकद खाऊन टाकतो. अमेरिकन बेसवरही तो होता, सौम्य, आणि सहाव्या फ्रेटवर. माझ्या बेसच्या डोक्याला छोटा क्लॅम्प लावला की डेड स्पॉट सरकतो. तो सूर लांबवायचा असेल तर मी डी तारेवर दहाव्या फ्रेटला घेते.

ऑक्टोबरमध्ये एकच ओळ दोन्हींवर, एकाच प्रकारच्या ताज्या तारा लावून, रेकॉर्ड केली आणि कुठली कशावरची ते न सांगता बँडमधल्या चौघांना पाठवली. दोघांना माझा आवडला, एकाला काहीच फरक वाटला नाही. ध्वनिसंयोजन करणाऱ्या दादांनी बरोबर ओळखलं. कसं, विचारलं तर म्हणाले, "वरचे सूर शेवटपर्यंत धरून राहतात तो महागडा." कानाचे पक्के आहेत ते.

जी गोष्ट रेकॉर्डिंगमध्ये येत नाही ती अशी: तो बेस घेऊन मी एकदाही लोकलने गेले नाही. रात्री साडेअकराला कार्यक्रम संपल्यावर दादरहून रिक्षा-टॅक्सी करत आले, कारण कुणाचं तरी दोन लाखांचं वाद्य खांद्यावर होतं. मंडपात चहाला जाताना तो सोबत न्यायचा. माझा बेस मी स्टँडवर ठेवून निवांत जाते, गर्दीच्या डब्यात उभा धरते. स्वतःचा असता तरी अशीच धास्ती वाटली असती असं मला वाटतं, निदान पहिली दोन वर्षं.

मला विचाराल तर दुकानात अॅम्पला न जोडता बेस हातात घ्या. चारही तारांवर प्रत्येक फ्रेट वाजवा. डोक्याकडून नेककडे एका डोळ्याने बघा, पिळलेला दिसला तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. ट्रस रॉड दोन्हीकडे फिरायला जागा आहे का ते विचारा. बाकी सगळं बदलता येतं, पण या प्रकारच्या बेसमध्ये नेक हीच वस्तू तुम्ही विकत घेत असता. चांगला नेक मिळाला की पहिले सात-आठ हजार फ्रेट, नट आणि तारांवर घाला आणि वर्षभर आणखी काही करू नका. माझे पिकअप-ब्रिजचे २२,५०० विकताना परत येणार नाहीत, आणि ते बाजूला ठेवले असते तर मधल्या किमतीचा, मेक्सिकोत बनणारा नवा बेस आणखी बचत करून आवाक्यात आला असता. रोज स्टुडिओत बसणाऱ्याने किंवा ज्याचं पोट यावर आहे त्याने थेट महागडा घ्यावा. सहा महिने जवळ ठेवल्यावर मला त्याबद्दल शंका उरलेली नाही.

जानेवारीत कीबोर्डवाला परत आला आणि त्याचा बेस घेऊन गेला. आठवडाभर माझा हातात जड वाटत होता. मग जुना ब्रिज कपाटातून शोधून परत बसवला, सॅडल जुळवल्या, आणि पेटीच्या आतल्या बाजूला तारीख लिहिली: कुठल्या महिन्यात पाव फेरा, कुठल्या दिशेने. येत्या जूनमध्ये पहिला पाऊस पडायच्या आत ट्रस रॉडची चावी बॅगेत असेल.