ज्युपिटर नोटबुक आणि सायपाय: भौतिकशास्त्र व संगणकशास्त्र एकत्र शिकणाऱ्यांसाठी

दोन्ही विषय एकत्र घेतले की सिम्युलेशनच्या असाइनमेंट संपता संपत नाहीत. त्यासाठी कोड लिहून तिथेच चालवायची ज्युपिटर नोटबुक आणि पायथनची गणिती लायब्ररी सायपाय ही मोफत जोडी पुरून उरते. समीकरण, कोड आणि आलेख एकाच पानावर राहतात.

खरी मेख सायपायच्या 'सॉल्व्ह_आयव्हीपी'मध्ये, म्हणजे गतीची विकलक समीकरणं पायरी-पायरीने सोडवणाऱ्या फंक्शनमध्ये आहे. काही न सांगता चालवलं तर ते 'आरके४५' ही रुंगे-कुट्टा पद्धत आणि ०.००१ ची सापेक्ष सहनमर्यादा (उत्तराच्या तुलनेत पायरीमागे किती चूक चालेल ते) धरतं. फेकलेल्या चेंडूला तेवढं चालतं. ग्रहाच्या शेकडो फेऱ्या काढायला घेतल्या की ऊर्जा हळूहळू सरकते आणि कक्षा बिघडते. यात न्यूटनचा काही दोष नसतो. ही सहनमर्यादा, म्हणजे 'आरटॉल', दहाच्या उणे नवव्या घातापर्यंत उतरवा, पद्धत अधिक अचूक 'डीओपी८५३' घ्या आणि ऊर्जेचा आलेख दर वेळी काढाच. पल्ला फारच लांब असेल तर ऊर्जा सरकू न देणारी व्हर्ले पद्धत स्वतः लिहा, पाच-सहा ओळींचं काम आहे. साध्या ऑयलर पद्धतीच्या वाटेला मात्र जाऊ नका: कोनीय वारंवारता १ असलेल्या दोलकाची ऊर्जा ०.१ च्या पायरीने १०० पायऱ्यांत सुमारे २.७ पट होते.

नोटबुकची खोड वेगळी. सेल, म्हणजे कोडचे कप्पे, वर-खाली चालवले की जुनी मूल्यं मेमरीत तशीच राहतात आणि चुकीचा कोडही बरोबर उत्तर दाखवतो. जमा करण्याआधी कर्नल (मागे कोड चालवणारा प्रोग्राम) रीस्टार्ट करून सगळं पुन्हा चालवा. फाइल आतून जेसन या मजकूर-स्वरूपात असते आणि आउटपुटही तिच्यातच साठतं, त्यामुळे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटमध्ये आलेखांचा कचरा साचतो. आउटपुट पुसूनच कमिट करा, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवा.