त्रिराष्ट्र करार आणि त्रिराष्ट्र मैत्री: भक्कम कोण?

कागदावर पाहिलं तर 1882 चा त्रिराष्ट्र करार भक्कम. जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटलीने कोणी कधी धावून जायचं ते लेखी ठरवलं होतं. समोरची फ्रान्स, रशिया, ब्रिटनची त्रिराष्ट्र मैत्री म्हणजे ठिगळांची गोधडी. फ्रान्स-रशियाचा 1894 चा लष्करी करार तेवढा पक्का. ब्रिटनने 1904 मध्ये फ्रान्सशी इजिप्त-मोरोक्कोचे, 1907 मध्ये रशियाशी इराण, अफगाणिस्तान, तिबेटचे (खरं तर हिंदुस्थानच्या कुंपणाचे) वाद मिटवले. लढायचं वचन दिलंच नाही.

तरी 1914 मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा टिकली गोधडीच. करार बचावापुरता आहे, हल्ला तर ऑस्ट्रियाने केला, असं म्हणत इटली बाजूला राहिली आणि मे 1915 मध्ये ऑस्ट्रियावरच उलटली. ब्रिटन युद्धात उतरलं, तेही बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणाऱ्या 1839 च्या करारावर बोट ठेवून.